पाळकांना हिशोब विचारला तर पाप लागतं का?

मिरजेजवळच्या एका ख्रिस्ती मंडळीचे (चर्चचे) खजिनदार आमच्याकडे आले ते झोप लागत नाही म्हणून. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) हयात साखर कारखान्याच्या ऑफिसात गेलेली, आकडा जुळला नाही तर घास न उतरणारा माणूस. दुसऱ्या भेटीत खरं कारण बाहेर आलं. हंगामाच्या सणाला हळद, गूळ, द्राक्षाच्या पेट्या, कोंबड्या असा लिलाव झाला. यादीची बेरीज ३८,४५० रुपये, बँकेत भरणा २१,०००. मधल्या १७,४५० रुपयांचं काय झालं, हे पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) विचारायला जीभ रेटत नव्हती. "अभिषिक्ताला (देवाने निवडलेल्याला) हात लावायचा नाही" हे लहानपणापासून कानावर पडलेलं.

हे वाक्य बायबलमधल्या १०५ व्या स्तोत्रातलं आहे. अब्राहाम, इसहाक, याकोब परमुलखात फिरत होते तेव्हा त्यांना उपद्रव देऊ नका, अशी तिथल्या राजांना दिलेली ती ताकीद आहे. दानाच्या वहीशी तिचा काही संबंध नाही. दावीदाने अभिषिक्त राजा शौलाच्या जिवाला हात लावला नाही हे खरं, पण त्याच अध्यायात (१ शमुवेल २४) तो गुहेबाहेर येऊन, शौलाच्या झग्याचा कापलेला काठ हातात धरून त्याला जाब विचारतो. पुढे राजा झालेला दावीद स्वतः चुकला तेव्हा नाथान संदेष्टा जाब विचारायला त्याच्यापुढे उभा राहिला. आणि प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की, या दानाच्या बाबतीत आम्हाला कुणी दोष लावू नये म्हणून काळजी घेत आहोत, प्रभूच्या दृष्टीने आणि माणसांच्याही (२ करिंथ ८:२०-२१). पैसे नेताना त्याने सोबत इतर भाऊही पाठवले.

शास्त्र पटलं, तरी झोप आली नाही. साहजिक आहे. ज्यांनी आपल्या नातवाला बाप्तिस्मा दिला त्यांना पैशांबद्दल विचारायचं म्हणजे छाती धडधडतेच.

मग एका कागदावर दोन रकाने केले: 'पाहिलेलं' आणि 'वाटलेलं'. पाहिलेल्यात तीनच ओळी आल्या: लिलावाची यादी, पासबुकातली नोंद, आणि देणगीचा क्यूआर कोड पाळकांच्या स्वतःच्या खात्याचा आहे ही गोष्ट. वाटलेल्याचा रकाना भरून वाहिला. नवी मोटारसायकल, बायकोच्या बांगड्या, कुणीतरी कुणाकडून ऐकलेलं. दुसऱ्या रकान्यातलं एक अक्षरही बोलायचं नाही असं ठरलं. अशा प्रकरणांत बिघडतं ते इथेच. माणूस आकड्यापासून सुरुवात करतो आणि बांगड्यांवर येतो, मग आकडा बाजूला राहून बांगड्यांचं भांडण उरतं.

त्यांनी मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपसाठी लांबलचक मेसेजही लिहून ठेवला होता. तो पाठवू नये, असं आम्ही सांगितलं. मत्तय १८ मधली पहिली पायरी दोघांतच बोलण्याची आहे. उपासनेनंतर दारात उभ्याउभ्याही नको. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी, घरी, वही घेऊन. वाक्यही आधी म्हणून पाहिलं: "पाळकसाहेब, ३१ मार्चला वही बंद करून ऑडिटला द्यायची आहे. यादी आणि भरणा यांत १७,४५० चा फरक दिसतो. आपण बसून जुळवू या का?"

उत्तर आलं ते पुढच्या रविवारी, वेदीवरून. मोशेविरुद्ध कुरकुर करणाऱ्या कोरहावर उपदेश झाला आणि अख्ख्या मंडळीला कळलं कोरह कोण. खजिनदारांनी राजीनामा लिहिला. तो खिशातच राहू द्या, असं सुचवलं. वही हातातून गेली की विचारण्याचा हक्कही जातो. आता दुसरी पायरी. १ तीमथ्य ५:१९ सांगतं की, दोघातिघांच्या साक्षीवाचून वडिलांवरचा (मंडळीच्या पुढाऱ्यांवरचा) आरोप ऐकू नये. या वचनाने पाळकांना अफवेपासून संरक्षण मिळतं आणि साक्षीदारांना बोलायची वाटही. एक वडील आणि महिला मंडळाच्या सेक्रेटरी यांना घेऊन ते पुन्हा गेले.

या वेळी पाळकांनी डायरी काढली. ६,२०० रुपये लिलावाची उधारी: बोली मोठ्याने बोलली, कोंबडी घरी नेली, पैसे दिलेच नाहीत. ५,००० एका सभासदाच्या दवाखान्याला दिलेले, पावती नाही. उरलेले ६,२५० मुलीच्या कॉलेजची फी, 'पगार झाला की भरू' म्हणून उचललेले. पगार दोन महिने झालेला नव्हता, आणि तो न देणाऱ्या वडील मंडळातले एक त्याच खोलीत बसले होते.

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभा केला. आपल्याकडे अजूनही पाळकाने तसं फकीर असावं अशी अपेक्षा असते, फक्त त्याच्या मुलांची फी कुणी भरायची ते कुणी सांगत नाही. फी उचलणं त्यामुळे बरोबर ठरत नाही. दानातून परस्पर उचललेला पैसा हा गैरव्यवहारच. पाळकांनी ते कबूल केलं, महिन्याला ५०० कापून घ्यायचं ठरलं, आणि वार्षिक सभेत ते स्वतः उभं राहून बोलले. पगार दर महिन्याच्या ५ तारखेला, तोही ठरावात लिहिला.

पैसे मोजण्याची पद्धत बदलली ती अशी. उपासना संपताच चर्चमध्येच दोघांनी मोजायचं. नवराबायको किंवा एका घरातले दोघे नकोत, पाळक तर नकोतच. ५०० च्या किती, २०० च्या किती, चिल्लर किती, हे चिठ्ठीवर लिहून दोघांच्या सह्या. सोमवारी सगळी रक्कम बँकेत, थैलीतून परस्पर एक रुपयाही खर्च नाही. क्यूआर मंडळीच्या खात्याचा. पावतीपुस्तकाला छापील क्रमांक, रद्द पावती फाडायची नाही, 'रद्द' लिहून ठेवायची. चेकवर दोन सह्या. गरजूंच्या मदतीला व्हाउचर हवंच. नाव गुप्त ठेवायचं असेल तर व्हाउचरवर नुसता क्रमांक, आणि नाव पाळक व एका वडिलांच्या सहीच्या बंद पाकिटात.

मंडळीचा ट्रस्ट नोंदलेला असेल तर ऑडिट ही कुणाची मेहेरबानी नाही, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली ते बंधनकारक आहे. जागा विकायची तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. जमिनीचे कागद कोणत्या ट्रस्टच्या नावावर आहेत ते आधी पाहावं. आणि तक्रार लहान मुलाच्या लैंगिक छळाची असेल तर यातली एकही पायरी चढायची नाही. 'पॉक्सो' कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आहे.

खजिनदारांना आता झोप लागते. त्यांच्या पत्नीशेजारी बाकावर दोन बायका अजून बसत नाहीत, त्यावर भेटी चालू आहेत. लिलावाला यंदापासून उधारीची वेगळी वही आहे: नाव, फोन, रक्कम, पंधरा दिवसांची मुदत. वस्तू मात्र पैसे हातात आल्यावरच हलते.