बेळगाव भागातल्या स्ट्रिंगर फोटोग्राफरला वृत्तछायाचित्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळू शकतो का?

विचारणाऱ्यांचं खानापूर तालुक्यात स्टुडिओचं दुकान आहे. तीन वर्षं बेळगावच्या एका मराठी दैनिकाला स्ट्रिंगर म्हणून, म्हणजे पगारी नोकरीत नसताना, फोटो देतात आणि विचारतात, आपल्यासारख्यानं अर्ज करावा, की ते दिल्ली-मुंबईवाल्यांचंच काम?

करा की अर्ज. पण त्याआधी माझं काय झालं ते ऐका.

ऑगस्ट २०१९. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं, पुणे-बेंगळूर रस्ता बंद पडला. निपाणीच्या अलीकडं ट्रकांची ही लांब रांग. एक ड्रायव्हर ट्रकखाली उकिडवा बसून स्टोव्हवर भात शिजवत होता, एका हातानं ताडपत्रीचं टोक धरून, वाऱ्यानं स्टोव्ह विझू नये म्हणून. आरशाला ओली लुंगी वाळत घातलेली, तीही पावसातच. चार फ्रेम मारल्या, तिसरी बसली. एवढ्या वर्षांत अशी फ्रेम मला दोनदाच मिळाली असेल.

तिथूनच व्हॉट्सअ‍ॅपनं पाठवली. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर तीन कॉलम छापून आली. खाली ओळ : ‘निपाणी : महापुरामुळे अडकलेली वाहने.’ ड्रायव्हरचा पत्ता नाही, ‘छाया’ म्हणून माझंही नाव नाही. दोन दिवसांनी बारशाची ऑर्डर आली, कार्ड मोकळं नव्हतं, फॉरमॅट मारलं. पुढं कुणीतरी म्हणालं, हा पुरस्काराला पाठव. पाठवायला माझ्याकडं होतं काय? व्हॉट्सअ‍ॅपनं चेपलेली फाइल आणि बिननावाचं कात्रण. डेस्कवाल्यांना मी बराच काळ शिव्या घातल्या. नाव न टाकणं ही त्यांची चूक, पण कार्ड मीच पुसलं होतं.

आता पुरस्कारांचं. प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाचं काम १६ नोव्हेंबर १९६६ ला सुरू झालं, म्हणून तो राष्ट्रीय पत्रकारिता दिन. कौन्सिलचे राष्ट्रीय पुरस्कार त्याच दिवशीच्या कार्यक्रमात देतात. त्यात फोटोंसाठी दोन वाटा आहेत : एकच वृत्तछायाचित्र, किंवा फोटो फीचर. तुमच्यासारख्यानं पहिली धरावी. फीचरला एकाच विषयामागं दिवसच्या दिवस जावं लागतं, दुकान कोण बघणार? इंडियन एक्स्प्रेस समूहाचे रामनाथ गोएंका पुरस्कार २००६ पासून आहेत, त्यातही फोटो पत्रकारितेचा गट आहे. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाचे छायाचित्रण पुरस्कार वेगळे. तिथं व्यावसायिक आणि हौशी असे दोन गट ठेवलेले असतात. २०१० साली देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांना जीवनगौरव मिळाला तो याच मंत्रालयाकडून, तेव्हा बाईंनी नव्वदी ओलांडलेली होती.

वृत्तछायाचित्राच्या पुरस्काराला छापून आल्याचा पुरावा लागतोच. म्हणून फोटो छापून येईल त्याच दिवशी नाव आहे का बघा. नसेल तर संपादकांना फोन करून खुलासा छापायला लावा, नाहीतर त्यांच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या. लाज वाटते, माहीत आहे. पण सहा महिन्यांनी गेलात तर तो फोटो कुणाचा होता ते तिथं कुणालाही आठवत नाही. मूळ फाइल, रॉ (कॅमेऱ्यातून जशी निघाली तशी, न चेपलेली) असेल तर रॉ, वेगळ्या हार्ड डिस्कवर टाका. लग्नाच्या आल्बमच्या फोल्डरमध्ये नको.

फोटोओळीवर तर आपल्याकडं कुणी मेहनतच घेत नाही. कोण, कुठं, कधी, काय चाललंय, एवढं जागेवरच वहीत लिहून घ्या. २०१५ साली वर्ल्ड प्रेस फोटो या आंतरराष्ट्रीय स्पर्धेनं एका मालिकेचं बक्षीस काढून घेतलं. मालिका बेल्जियममधल्या एका शहराची म्हणून पाठवलेली आणि त्यातला एक फोटो ब्रुसेल्सचा निघाला. त्याआधी २०१० मध्ये एकाला बाद केलं होतं, कारण त्यानं मागच्या माणसाच्या पायाचा डोकावणारा तुकडा पुसला होता. आपण स्टुडिओवाले नवरीच्या गालावरचा मुरूम सवयीनं काढतो. बातमीच्या फोटोवर तो हात चालवायचा नाही. क्रॉप, थोडा उजेड, बस्स. आणि हो, ठिकाणाच्या रकान्यात १ नोव्हेंबर २०१४ पासूनचं सरकारी नाव ‘बेळगावी’ लिहा. तुमच्या पेपरात ‘बेळगाव’च छापून येतं, कात्रणात ते दिसेलच. फॉर्मशी भांडण काढून सीमाप्रश्न सुटत नाही.

राहिला प्रश्न कुठला फोटो पाठवायचा. १ नोव्हेंबरचा पाठवू नका, असं माझं मत. एकीकडं मराठी भाषकांच्या काळ्या दिनाची फेरी, दुसरीकडं कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे. फ्रेम २०११ ची की २०२१ ची, हे मलासुद्धा ओळखू येत नाही, तर परीक्षकाला काय कळणार? बळ्ळारी नाल्याच्या पाण्यानं भात कुजल्यावर शहापूरच्या शिवारात पुन्हा रोप लावणारी बाई बघा. नाहीतर शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला पहाटे चार वाजता थांबा. बाकीचे फोटोग्राफर बाराच्या आत फोटो देऊन घरी गेलेले असतात. मारुती गल्लीच्या तोंडाशी एका वर्षी अफझलखान झालेला पोरगा रथाच्या कडेला पाय सोडून बसला होता, चिकटवलेली दाढी कपाळावर सरकवून बशीतून चहा पीत होता. त्या फोटोची मूळ फाइल आहे माझ्याकडं. कात्रणही आहे, नावासकट. नोव्हेंबरला अजून वेळ आहे.