खनिजांचे नमुने जमवून विकणं, यावर आयुष्यभर पोट भरता येतं का?

हो, येतं. आणि महाराष्ट्रात राहणाऱ्याला तर ही संधी दारातच आहे. आपल्या बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या, पोकळ्यांत अपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट अशी स्फटिकरूप खनिजं सापडतात. जळगाव, नाशिक, पुणे परिसरातल्या दगडखाणींतले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीचं कॅव्हन्साइट बघा: पांढऱ्या स्टिल्बाइटवर गर्द निळे गुच्छ. हे खनिज पहिल्यांदा अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडलं, पण जगातले सर्वोत्तम नमुने वाघोलीचेच मानले जातात.

या धंद्यातलं भांडवल म्हणजे नजर आणि खाणीवरच्या माणसांशी जपलेले संबंध. सुरुंगात फुटलेली पोकळी खडीच्या क्रशरमध्ये जायच्या आत कुणीतरी तुम्हाला फोन करायला हवा. मग हात सांभाळा. स्कोलेसाइटच्या सुया बोट लागलं तरी तुटतात, झिओलाइटवर (स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट याच गटातले) हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं तर स्फटिकच खराब होतात. टोकं शाबूत असलेला छोटा नमुना खरचटलेल्या मोठ्यापेक्षा महाग जातो. आणि प्रत्येकासोबत चिठ्ठी हवीच: कुठली खाण, कुठलं गाव. ठिकाण हरवलं की निम्मी किंमत गेली असं समजा. दुरुस्त केलेला तुकडा असेल तर तसं सांगूनच विका, कारण हे जग फार लहान आहे.

मोठे व्यवहार अमेरिकेत टूसॉनला आणि जर्मनीत म्युनिकच्या प्रदर्शनात होतात. त्याआधी सिन्नरचं गारगोटी हे खनिजांचं संग्रहालय निवांत एक दिवस काढून पाहा.