पंचगंगेत मुलाला पोहायला शिकवायचंय, पाणी चांगलं आहे हे कसं ओळखायचं?

मुलगा सात वर्षांचा आहे आणि घाटावर हल्ली पाणी नितळ दिसतंय, असं तुम्ही लिहिलंय. मी कोल्हापुरात अकरा वर्षं नदीच्या पाण्याचे नमुने तपासतोय. नितळपणावर जाऊ नका. उन्हाळ्यात बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की पाणी तुंबतं, गाळ खाली बसतो आणि तळ दिसायला लागतो. पण जयंती नाल्यातून, दुधाळी नाल्यातून आलेला मैलाही त्याच पाण्यात राहतो.

आम्ही मोजतो ते विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू. ते स्वतः सहसा आजारी पाडत नाहीत, पण ते सापडले म्हणजे पाण्यात मैला आहे, आणि मैल्यातूनच कावीळ, जुलाब, टायफॉइड येतात. आंघोळीच्या पाण्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष असा: 100 मिलिलिटरमागे 500 पर्यंत चांगलं, 2500 ही शेवटची मर्यादा. मोठा माणूस तोंड मिटून पोहतो, पाठीला डबा बांधलेलं पोरगं मात्र पाणी गिळतंच. म्हणून लहान मुलांसाठी मी 500 च धरतो.

अडचण वेळेची आहे. निर्जंतुक बाटली फूटभर खोल बुडवून भरायची, बर्फात ठेवून आणायची, मग ते पाणी घातलेल्या नळ्या प्रयोगशाळेत एक-दोन दिवस उबवायच्या. आकडा हातात येतो तो परवाच्या पाण्याचा. ग्रामपंचायतीत मिळते ती, पाण्यात जंतू असले की काळी पडणारी तपासणीची बाटलीही इथे कामाची नाही. ती पिण्याच्या पाण्यासाठी आहे. नदीचं पाणी तिच्यात जवळपास नेहमीच काळं पडणार, आणि जंतू किती ते कळणारच नाही.

म्हणून एका अहवालावर विसंबू नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पंचगंगेचे आकडे वर्षभराचे ओळीनं बघा. वळीव झाला की रस्त्यावरची, गोठ्यातली सगळी घाण नदीत येते. त्यानंतर तीन दिवस पाण्यात उतरूच नका. शहराचे नाले मिळण्याआधी, प्रयाग चिखलीच्या अंगाला, पाणी तुलनेनं बरं असतं, पण तिथंही वरच्या गावांचं सांडपाणी आणि जनावरं आहेतच.

माझ्या मुलीला मी आधी क्लोरीन रोज तपासणाऱ्या जलतरण तलावात घातलं. पाणी गिळायचं पूर्ण थांबलं, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत, नदी वाहती असताना, चिखलीकडं नेलं.