फेरा, येरझार आणि हेलकावा

प्रश्न असा आहे: गेम प्रोग्रॅमिंगमधल्या 'रिपीट', 'पिंगपाँग' आणि 'साइन' या तिन्ही फंक्शनांना मराठीत सरसकट 'आवर्ती' म्हटलं तर चालेल का?

गणिताच्या दृष्टीने चालेल. ठरावीक अंतराने त्याच किमती पुन्हा देणारं फंक्शन आवर्ती, आणि तिन्ही तशीच आहेत. पण गेम लिहिणाऱ्याचं तेवढ्यावर भागत नाही. टोक आलं की वस्तू काय करते, हे त्याला शब्दातूनच कळायला हवं. मग रोजचे शब्दच बरे पडतात.

'रिपीट'ला मी फेरा म्हणेन. युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मर्यादा ५ दिली, की ४.९ चे ४.९ च राहतात, ५ चा थेट ० होतो आणि ५.१ चे ०.१. टोकाला चक्क उडी. सरकत्या पार्श्वभूमीचं चित्र दोन्ही कडांना जुळत असेल तर ती उडी दिसतही नाही.

'पिंगपाँग' म्हणजे येरझार. इथे ५.१ चे ४.९ होतात, ७ चे ३ आणि १० चा ०. पूर्ण येरझार त्यामुळे फेऱ्याच्या दुप्पट लांबीची. शब्द इतका चपखल, की पहारेकऱ्याची चालच दिसते: वेग तोच, टोकाला गर्रकन वळण.

तरंगणाऱ्या नाण्याला मात्र येरझार शोभत नाही, टोकाला आपटल्यासारखं वाटतं. तिथे साइन हवा. तो टोकाशी मंदावतो आणि मध्यावर सर्वांत वेगवान असतो. हा हेलकावा. (उत्तर उणे १ ते १ मध्ये येतं, ० ते ५ हवं तर २.५ ने गुणून २.५ मिळवा.) पाठ्यपुस्तकी 'दोलन'ही चालेल. 'आंदोलन' व्युत्पत्तीने बरोबर आहे, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोर्चा येतो, तेव्हा नकोच.

एक घोळ टाळा. कोडमध्ये टक्क्याच्या चिन्हाने (%) भागाकार करून मिळते ती 'बाकी', तिला फेरा म्हणू नका. धन संख्यांपुरतं दोन्ही एकच; पण उणे १ ला ५ ने भागल्यावर सी-शार्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा बाकी उणे १ देते, पायथन ही दुसरी भाषा ४. डाव्या कडेबाहेर गेलेलं पात्र उजवीकडून आत यायचं तर ४ च हवेत. सी-शार्पमधली बाकी त्याला पडद्याबाहेरच ठेवते, 'रिपीट' आत आणतं.