बागप्रेमी मंडळात ऑर्किडवर ४५ मिनिटांचं व्याख्यान द्यायचं आहे. किती स्लाइड ठेवाव्यात? सुरुवात जातींच्या ओळखीपासून करावी का?

जातींच्या ओळखीपासून मुळीच करू नका. तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझं पहिलं व्याख्यान आठवलं. ते आठवलं की आजही पोटात कालवतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नऊ वर्षांपूर्वी एका मंडळानं मला बोलावलं होतं. मी ७२ स्लाइड केल्या. ऑर्किडच्या कुळात सुमारे २८,००० जाती, एका बोंडात लाखो बिया, माणसानं केलेल्या पहिल्या संकराला १८५६ साली आलेलं फूल, मादागास्करच्या एका ऑर्किडची जवळजवळ फूटभर लांब मधुनळी आणि ती बघून तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग असणारच असं डार्विननं केलेलं भाकीत. सगळं खरं, सगळं सुंदर. टाळ्याही भरपूर मिळाल्या.

प्रश्नोत्तरं सुरू झाली तशा शेवटच्या रांगेतून एक काकू उभ्या राहिल्या. हातात कापडी पिशवी, आणि पिशवीतून फॅलेनॉप्सिस या ऑर्किडची दोन पानं बाहेर आलेली, लुळी, उभ्या सुरकुत्या पडलेली. "पानं अशी मऊ पडली आहेत हो, काय करू?" मी माइकसमोरूनच सांगितलं, "पाणी कमी पडतंय, वाढवा." आणि पुढचा प्रश्न घेतला.

चार महिन्यांनी त्या मला मंडळाच्या प्रदर्शनात भेटल्या. म्हणाल्या, तुम्ही सांगितलंत तसं रोज पाणी घातलं, तीन आठवड्यांत रोप गेलं. माझ्यावर राग नव्हताच. "माझ्याच हाताला गुण नाही," असं म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे वळल्या. त्यांनी माझ्यावर आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

सुरकुतलेलं पान दोन कारणांनी होतं आणि ती दोन्ही एकमेकांच्या अगदी उलट आहेत. मुळं तहानलेली असली तरी पानाला पाणी पोचत नाही, आणि मुळं कुजून गेली असली तरी पोचत नाही. वरून दोन्ही रोपं सारखीच दिसतात. कुंडीतून काढून मुळं बघितल्याशिवाय कोणाच्याही बापाला सांगता येणार नाही. काकूंचं रोप शोभेच्या कुंडीत ठेवलेलं होतं, तिला खाली भोक नव्हतं, तळाशी पाणी साचून राहायचं. हे मला त्यांना प्रदर्शनात विचारल्यावर कळलं. व्याख्यानाच्या दिवशी पिशवी उघडून बघायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

त्या रात्री मी ७२ पैकी ६० स्लाइड काढून टाकल्या. तेव्हापासून माझ्याकडे १२ आहेत आणि त्याही बऱ्याचदा पूर्ण होत नाहीत. तुमच्या प्रश्नातल्या आकड्याबद्दल मी एवढंच सांगू शकते.

आता मी सुरुवात अशी करते. टेबलावर जुनी वर्तमानपत्रं अंथरायची आणि सगळ्यांच्या देखत एक आजारी फॅलेनॉप्सिस कुंडीतून काढायचं. कुंडी हातानं दाबून सैल करायची, रोप बुंध्याशी धरून अलगद ओढायचं, मातीऐवजी कुंडीत भरलेली झाडाची जुनी साल झटकायची. कुजकट वास पहिल्या दोन रांगांपर्यंत जातो, जाऊ द्या. मग एकेक मूळ बोटांत धरून दाबायचं. जिवंत मूळ टणक लागतं. मेलेलं पिचकतं, आणि ओढलं की वरचं साल मोज्यासारखं निघून हातात येतं, मागे नुसता दोरा उरतो. तो दोरा लोकांच्या हातात द्या. मग एक चांगलं, कोरडं, रुपेरी मूळ घेऊन त्यावर पाण्याचा फवारा मारा. बघता बघता ते हिरवं होतं. मुळाभोवती मृत पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं, त्याला वेलामेन म्हणतात. ते पाणी शोषतं, पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. "मुळं रुपेरी झाली की पाणी घाला, हिरवी असतील तर थांबा" हे वाक्य मी पूर्वीही स्लाइडवर लिहायचे, कोणाच्या लक्षात राहायचं नाही. डोळ्यांदेखत मूळ रंग बदलताना पाहिलेला माणूस ते विसरत नाही.

याच वेळी "म्हणजे हे बांडगूळच ना?" असा प्रश्न हमखास येतो. मुळं हातात असल्यामुळे उत्तर सोपं जातं. बांडगूळ झाडाच्या आत घुसून त्याचा रस घेतं. झाडावर वाढणारं ऑर्किड नुसतं फांदीला धरून बसतं, पाणी पावसाचं आणि धुक्याचं घेतं. ज्या मुळांना उघड्या वाऱ्यावर भिजायची आणि वाळायची सवय आहे त्यांना कायम ओल्या कुंडीत कोंडलं की ती गुदमरतात. इथून साल का वापरायची, माती का नाही, भोकं किती हवीत, हे सगळं आपोआप निघतं.

आता वादाचा मुद्दा. आमच्या मंडळात एक ज्येष्ठ सभासद आहेत, ऑर्किडमधला त्यांचा अनुभव माझ्या दुप्पट आहे. हे प्रात्यक्षिक पहिल्यांदा केलं तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "लोक फुलं बघायला येतात. कुजकी मुळं दाखवून नव्या माणसाला घाबरवू नका. आधी ऑर्किडचा वैभवशाली इतिहास सांगा, गोडी लागू दे." मी त्या दिवशी गप्प बसले. आज गप्प बसणार नाही.

सर, इतिहास सांगायचाच तर पूर्ण सांगू. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये जहाजं भरभरून ऑर्किड आली आणि त्यातली बहुतेक मेली. ही उष्ण जंगलातली झाडं, म्हणून त्यांना बंद, तापलेल्या, वाफेनं भरलेल्या काचघरांत ठेवलं जायचं. त्यातली कितीतरी थंड डोंगरांवरची होती आणि वाऱ्याची तर जवळपास सगळ्यांनाच गरज होती. १८३० च्या दशकात इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थ या सरदारी वाड्याच्या बागेत तिथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यानं काचघरात हवा खेळती ठेवली, प्रत्येक जातीच्या मूळ ठिकाणाप्रमाणे तापमान वेगळं ठेवलं, आणि तिथली रोपं तगली. बियांचंही तेच. ऑर्किडच्या बीमध्ये अन्नसाठाच नसतो. बी आईच्याच कुंडीत टाकलं तर कधीतरी उगवायचं, बाकी वाया. तिथल्या बुरशीमुळे ते उगवतं हे नोएल बर्नार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला १८९९ पासूनच्या कामातून उमगलं. आणि बुरशीशिवाय, नुसत्या साखर घातलेल्या अगारवर (समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर) बी रुजवता येतं हे १९२२ मध्ये लुइस नडसन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानं दाखवून दिलं. तुमच्या त्या वैभवातलं प्रत्येक पाऊल कोणीतरी मेलेल्या रोपाकडे नीट बघितलं म्हणून पडलेलं आहे. मग मेलेली मुळं दाखवण्यात लाज कसली?

आणि घाबरण्याबद्दल म्हणाल, तर नवा माणूस कुजकी मुळं बघून ऑर्किड सोडत नाही. तीन रोपं मेली, का मेली ते कळलं नाही, आणि "आपल्या हाताला गुण नाही" असं त्याला वाटलं, की सोडतो.

बाकी गोष्टी भराभर. खतावर पाच मिनिटांच्या वर घालवू नका, अगदी पातळ करून नियमित घाला एवढं पुरे. "पुन्हा फूल का येत नाही" हे कोणीतरी विचारणारच. बहुतेकदा उजेड कमी असतो. फॅलेनॉप्सिसला शिवाय काही आठवडे २५ अंशांखालचा गारवा लागतो, तेव्हा फुलांचा दांडा निघतो. कुंडीतली साल साधारण दोन वर्षांत भुगा होऊन पाणी धरू लागते, ती बदलायला सांगा. जंगलातून उपटून आणलेल्या रोपांचे फोटो कौतुकानं दाखवू नका. ऑर्किडचं अख्खं कुळ साइट्स या वन्य जीव-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, ते उगीच नाही.

हे आधीच लिहायला हवं होतं: फुलावर असलेलं रोप प्रात्यक्षिकासाठी उपटू नका. आणि लोकांनी आणलेल्या रोपांवर एकच कात्री चालवू नका. सिंबिडियम मोझॅकसारखे विषाणू पात्यावरच्या रसातून पसरतात, त्यावर औषध नाही. नुसतं पुसून भागत नाही, पातं ज्योतीत चांगलं तापवा किंवा प्रत्येक रोपाला नवं ब्लेड घ्या. सभागृहात ज्योत पेटवायची परवानगी आधी विचारून ठेवा. आणि हेही खरं की माझा अनुभव मुख्यतः फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियमचा. तुमच्या मंडळात बरीच वर्षं पॅफिओपेडिलम किंवा व्हँडासारखी ऑर्किडं वाढवणारे लोक असतील तर त्यांना हे सगळं माहीत असेल, त्यांच्यासमोर जातींवर बोललात तरी चालेल.

निमंत्रणातच लिहायला सांगा की आजारी रोप असेल तर घेऊन या, आणि तुम्ही अर्धा तास लवकर जा. लोक जमायला लागले की पिशव्या उघडून बघा. मी आता तेच करते, आणि शेवटच्या रांगेपासून सुरुवात करते.