वाचकांचे प्रश्न : चारधामचा रस्ता आणि त्याच्या वरचा डोंगर

ऋषिकेशहून बद्रीनाथ, केदारनाथ, गंगोत्री आणि यमुनोत्रीकडे जाणारे रस्ते, शिवाय कुमाऊँतला टनकपूर–पिथौरागढ रस्ता असं मिळून सुमारे ८८९ किलोमीटरचं रुंदीकरण म्हणजे चारधाम महामार्ग प्रकल्प. पायाभरणी २७ डिसेंबर २०१६ रोजी देहरादूनला झाली, खर्च सुमारे १२ हजार कोटी रुपये धरला होता. यात्रा करून आलेल्या आणि जाऊ घातलेल्या वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. त्यातल्या काही प्रश्नांना ही उत्तरं.

रस्त्याची रुंदी साडेपाच मीटर की दहा मीटर, यासाठी प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. साडेचार मीटरच्या फरकानं असं काय बिघडतं? – एक वाचक, चाकण

सपाटीवर काहीच बिघडत नाही. डोंगरात मात्र रस्त्याची रुंदी खाली नाही, वरच्या कापावर मोजायची असते. कागद-पेन्सिल घ्या. ४५ अंशांचा उतार काढा आणि त्यात रस्त्यासाठी आडवी पायरी कापा. कापाची भिंत चारास एक धरा, म्हणजे ४ मीटर उभं गेल्यावर १ मीटर आत. पायरी ६ मीटर रुंद असेल तर कापाची उंची ८ मीटर येते आणि दर धावत्या मीटरला २४ घनमीटर माल निघतो. पायरी १२ मीटर केली की उंची १६ मीटर आणि माल ९६ घनमीटर. रुंदी दुप्पट, उंची दुप्पट, माल चौपट. आता उतार ६० अंशांचा करा, तेवढे उभे कडे अलकनंदेच्या काठानं जागोजाग आहेत. त्याच ६ मीटरला उंची १८ मीटर होते आणि १२ मीटरला जवळजवळ ३७. म्हणजे बारा मजली इमारतीएवढा उघडा काप, तोही तडे गेलेल्या खडकात.

१२ मीटर हा आकडा फुगवलेला नाही. डांबरी पट्टा ७ मीटर, दोन्हीकडे दीड-दीड मीटर पक्की साइडपट्टी, झाले १०. डोंगराच्या बाजूचं गटार आणि दरीकडचा कठडा धरला की १२ होतातच.

मग दरीच्या बाजूला वाढवावा, असं काही जण सुचवतात. तिथं भिंत बांधून भराव घालावा लागतो. दगडी भिंतीचा पाया साधारण उंचीच्या निम्मा रुंद लागतो आणि तो पक्क्या खडकावर बसावा लागतो. उतारावर खडक खोल असेल तर भिंत वाढतच जाते, आणि खाली नदी पाय कुरतडत असेल तर तीही टिकत नाही. म्हणून ठेकेदाराचा हात आपोआप डोंगराकडे वळतो.

कोर्टातला क्रम असा. रस्ते मंत्रालयाच्याच मार्च २०१८ च्या परिपत्रकात डोंगरी रस्त्यांसाठी साडेपाच मीटर डांबरी रुंदी सांगितली होती. कोर्टानं नेमलेल्या, रवी चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीत रुंदीवरून दोन तट पडले. ८ सप्टेंबर २०२० रोजी कोर्टानं साडेपाच मीटरच्या बाजूनं आदेश दिला. त्यानंतर मंत्रालयानं परिपत्रक बदललं, चीन सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यांचा मुद्दा पुढे आला, आणि १४ डिसेंबर २०२१ रोजी कोर्टानं ऋषिकेश–माणा (बद्रीनाथच्या पुढचं गाव), ऋषिकेश–गंगोत्री आणि टनकपूर–पिथौरागढ या तीन रस्त्यांना १० मीटरची परवानगी दिली. देखरेखीला न्या. ए. के. सिक्री यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

आमच्या मते सबंध रस्त्याला एकच रुंदी ठरवली, तिथंच चूक झाली. क्वार्टझाइटसारख्या टणक खडकात १० मीटर खुशाल करा. जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यातून रस्ता जात असेल तिथं साडेपाचवर थांबून दर काही अंतरावर गाड्यांना बाजू देण्याची जागा ठेवलेली बरी. लष्कराची गाडीसुद्धा बंद रस्त्यावरून जात नाही.

सगळीकडे जाळ्या आणि सिमेंटचा फवारा मारलेला दिसतो, तरी दरडी येतात. हे नीट बसवत नाहीत, की त्याचा उपयोगच नाही? – स्थापत्य पदविकेचा विद्यार्थी, कोल्हापूर

उपयोग आहे, पण क्रमानं केलं तर. काप वरून खाली यायला हवा. सगळ्यात वर, कापाच्या काठापासून चार-पाच मीटर मागे, पाणी अडवणारं पक्कं गटार. मग सहा ते आठ मीटर उंचीचा एक टप्पा कापायचा, दीड-दोन मीटरची पायरी सोडायची, तेवढ्या टप्प्याला बोल्ट (खडकात भोक पाडून बसवलेल्या सळया) आणि जाळी मारायची आणि मगच खालचा टप्पा धरायचा. प्रत्यक्षात बऱ्याचदा उलटं होतं. पोकलेन वर चढवायला वाट करावी लागते, त्यात महिना जातो, म्हणून ते खाली रस्त्यावरूनच डोंगराचा पाय ओरबाडतं. पाय गेला की वरचा भाग लोंबकळतो. तो पहिल्या पावसापर्यंत थांबला तर नशीब.

जाळी दोन प्रकारची. एक नुसती वरून सोडलेली असते. सुटलेला दगड तिच्या आतून घरंगळत पायथ्याशी येतो, रस्त्यावर उडत नाही. तिच्या तळाशी साठलेले दगड काढावे लागतात. पोट फुगलेली जाळी दिसली की समजावं, दोन पावसाळे कुणी फिरकलं नाही. दुसरी जाळी बोल्टांनी आवळलेली, ती वरचा थर जागच्या जागी धरते. पण सरकणारा थर १५ मीटर जाडीचा आणि बोल्ट ६ मीटरचे असतील, तर सगळं मिळून खाली येणार, जाळीसकट.

बोल्टची खरी परीक्षा भोकात. भोक किंचित खाली उतरतं, १० ते १५ अंश, पाडतात. आत सळई सरकवली की सिमेंटचा घोळ नळीनं थेट तळापासून भरत बाहेर यायला हवा. घाईत तो तोंडाकडून ओततात, आत हवा कोंडते आणि अर्धी सळई पोकळीत राहते. बाहेरून प्लेट-नट झकास दिसतात. म्हणून काही बोल्ट ओढून पाहण्याची चाचणी असते. साइटवर गेलात तर त्या चाचणीची नोंदवही आधी मागा.

फवाऱ्याचं, म्हणजे शॉटक्रीटचं, मुख्य दुखणं पाणी. ५० ते १०० मिलिमीटरच्या थरामागे पाणी साठलं की भिंतीचा पोपडा सुटावा तसा तो सुटतो. त्यातून निचऱ्याच्या नळ्या खोलवर गेल्या पाहिजेत. संरक्षक भिंतींचंही तेच. साधारण १०० मिलिमीटर व्यासाची भोकं दीड-दोन मीटरवर आणि मागे निदान ६०० मिलिमीटर जाडीचा दगड-खडीचा थर हवा. पावसानंतर भिंत डागाडागांनी ओली आणि भोकं कोरडी दिसली, तर ती मसाल्यानं बुजली आहेत आणि मागे पाणी तुंबलंय.

सह्याद्रीतल्या घाटांशी तुलना काही वाचकांनी केली आहे. आपला बेसाल्ट आडव्या थरांचा आणि बऱ्यापैकी टणक. तरी २०१५ साली द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड आलीच. हिमालयात फिलाइट आणि शिस्ट हे पानापानांनी सुटणारे खडक आहेत, भूकंपाचा धोका फार जास्त आहे, आणि थरांचा उतार रस्त्याकडे असेल तर काप म्हणजे गंजीच्या तळातली पेंढी ओढणं.

एवढा मलबा जातो कुठं? – एक वाचक, ठाणे

वरचाच हिशेब पुढे न्या. ४५ अंशांच्या उतारावर ६ ऐवजी १२ मीटर कापलं, तर किलोमीटरमागे ७२ हजार घनमीटर जास्त. फोडलेला खडक फुगतो, सुमारे दीडपट नाही तरी १.४ पट. म्हणजे लाखभर घनमीटर, दहा घनमीटरच्या डंपरच्या दहा हजार खेपा, एका किलोमीटरला. नेमून दिलेली जागा आठ किलोमीटर लांब असेल आणि दरी दोन पावलांवर, तर रात्री काय होत असेल ते सांगायला नको. कड्याखाली झाडं गाडून नदीपर्यंत गेलेले राखाडी पट्टे त्याचेच.

मलबा टाकायच्या जागेचा नियम साधा आहे. जागा पुराच्या सर्वोच्च रेषेच्या वर, आणि आधी पायथ्याला गॅबियनची, म्हणजे दगड भरलेल्या जाळीच्या पेट्यांची, भिंत. मग थराथरानं दाबत भरायचं, पायऱ्या करायच्या, पाण्याला वाट द्यायची, शेवटी माती आणि गवत. आधी भरून नंतर भिंत बांधतो म्हटलं की भिंतीला बसायला जागाच उरत नाही.

एवढ्या मोठ्या कामाचा पर्यावरणीय अभ्यास झाला नाही हे खरं का? – एक वाचक, नागपूर

सबंध प्रकल्पाचा एकत्रित अभ्यास झाला नाही. १०० किलोमीटरपेक्षा जास्त लांबीच्या रुंदीकरणाला पर्यावरणीय पूर्वपरवानगी लागते, आणि तिच्यासाठी हा अभ्यास. इथं ५३ स्वतंत्र कामं दाखवली गेली, प्रत्येक १०० किलोमीटरच्या आत.

रस्ता ‘ऑल वेदर’ म्हणतात. ऑगस्टमध्ये सुट्टी मिळते आहे, आईवडिलांना घेऊन जावं का? – एक वाचक, सोलापूर

नको. नावावर जाऊ नका. पाऊस जूनच्या अखेरीस येतो आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत असतो. या काळात गढवालातल्या श्रीनगर–रुद्रप्रयागमधलं सिरोबगड आणि पांडुकेश्वरच्या पुढचं लामबगड ही नावं बातम्यांत वर्षानुवर्षं येत आली आहेत. गंगोत्रीच्या वाटेवर ५ ऑगस्ट २०२५ रोजी धराली गावात खीरगाड या ओढ्याचा लोंढा आला, रस्ता तुटला, महाराष्ट्रातले यात्रेकरूही अडकले होते. ओढ्यावरची मोरी पाण्यासाठी बांधलेली असते, दगडगोटे घेऊन येणाऱ्या लोंढ्यासाठी नाही. ती क्षणात बुजते आणि लोंढा रस्त्यावरून वाट काढतो.

सप्टेंबरची अखेर आणि ऑक्टोबर निवडा. केदारनाथ आणि यमुनोत्री भाऊबीजेला बंद होतात, गंगोत्री अन्नकूटाला (पाडव्याला), बद्रीनाथ त्यानंतर नोव्हेंबरमध्ये. ऋषिकेश–बद्रीनाथ सुमारे २९५ किलोमीटर आहे. ताशी २५ ते ३० किलोमीटरचा हिशेब धरा आणि एका दिवसात उरकू नका. नोंदणी सक्तीची आहे, घरूनच करा. दर चार दिवसांमागे एक दिवस मोकळा ठेवा. आणि पाऊस थांबून ऊन पडलं म्हणून दरडीखाली गाडी उभी करू नका. आत मुरलेलं पाणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही दगड सोडतं.

मग सगळीकडे बोगदेच का करत नाहीत? – एक वाचक, डोंबिवली

काही ठिकाणी तेच शहाणपणाचं आहे. चंबा गावाखालून ४४० मीटरचा बोगदा काढला, वरची घरं तशीच राहिली. ऋषिकेश–कर्णप्रयाग रेल्वे १२५ किलोमीटर आहे आणि त्यातली शंभराहून अधिक किलोमीटर बोगद्यांतून जाते. पण बोगद्याची दरड बाहेर दिसत नाही, इतकंच. यमुनोत्रीच्या वाटेवरच्या साडेचार किलोमीटरच्या सिलक्यारा बोगद्यात १२ नोव्हेंबर २०२३ रोजी छत कोसळलं आणि ४१ कामगार आत अडकले. बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. साठेक मीटर ढिगाऱ्यातून ८०० मिलिमीटरचा पाइप ढकलत नेला. गाडलेल्या लोखंडी गर्डरांत अडकून आडवं भोक पाडणारं ऑगर यंत्र मोडलं, शेवटचे दहा-बारा मीटर माणसांनी हातानं खणले, आणि २८ तारखेला सगळे सुखरूप बाहेर आले.

ठिसूळ खडकात खोदाई थोडी-थोडी पुढे न्यायची, लगेच फवारा, गर्डर आणि बोल्ट, आणि छत किती मिलिमीटर दबलं याची रोजची मोजणी. मोजणीचा आकडा वाढू लागला की पुढची खोदाई थांबवून मागचं छत आवळायचं. सुटकेची वाट बोगद्याबरोबरच पुढे सरकली पाहिजे, शेवटी करायचं काम नव्हे ते.

आमच्या मंडळाची ४५ सीटची बस आहे. वळणं घेईल का? – यात्रा मंडळ, सांगली

यू वळणाला आतली त्रिज्या निदान १४ मीटर आणि दुपदरी रस्त्याला वळणाच्या टोकाशी ११.५ मीटर रुंदी असावी, असा मापदंड आहे. रुंद केलेल्या भागात अडचण येणार नाही. पण काम अर्धवट असलेल्या वळणांवर लांब बसला एका दमात वळता येत नाही, मागे घेऊन परत पुढे न्यावी लागते, आणि तेवढ्यात दोन्हीकडे रांग लागते. २०-२५ सीटच्या दोन गाड्या घ्या. केदारनाथला तशीही सोनप्रयागला गाडी सोडून स्थानिक जीपनं पाच किलोमीटरवरच्या गौरीकुंडला जायचं आहे आणि तिथून सुमारे १६ किलोमीटर चढ. यमुनोत्रीलाही जानकीचट्टीच्या पुढे पाच-सहा किलोमीटर पायीच. रुंदीकरणाचा या दोन्ही टप्प्यांशी काही संबंध नाही.