टॅब आले, वही हटेना

प्रश्न : भांडुपला आमचा पॅकेजिंगचा कारखाना आहे. स्टोअरच्या नोंदींसाठी टॅब आणले, ट्रेनिंग दिलं, तरी माणसं वहीच भरतात. सक्ती करू का?
– एक व्यवस्थापक

उत्तर : सक्ती केलीत तर नोंदी दोन्हीकडे होतील, आणि खऱ्या नोंदी वहीत राहतील. त्यापेक्षा एक अख्खी पाळी स्टोअरमध्ये उभे राहा. हातमोजे घालून स्क्रीनवर बोट चालतं का? टेम्पोवाला खाली हॉर्न मारत असताना इंग्रजी यादीतून कोड शोधायला कुणाला सवड आहे? मग वही चाळा. समासात ‘गोणी ओली’, ‘परत मोजणे’ असं काहीबाही सापडेल. तुमच्या ॲपात त्याला रकानाच नसणार.

आपल्या डबेवाल्यांच्या झाकणावरच्या खुणा बघा. रंग, अक्षरं, आकडे. डबा वाहणाऱ्याला चालता चालता कळतील अशा. टोयोटाने १९५१ मध्ये कामगारांकडून सूचना मागवायची पद्धत सुरू केली. तिथे दोष दिसला की कामगार दोरी ओढून लाइन थांबवू शकतो. तुमच्या स्टोअरकीपरला एवढा अधिकार आहे?

ॲपचा नवा आराखडा करताना वही भरणाऱ्यालाच शेजारी बसवा, आणि त्या तासांचा ओव्हरटाइम द्या.